सहावी शपथ

शिंपीमास्तरांनी मानेपासून कमरेखालपर्यंत फीत सोडली, बोटाने दाबून धरली, आकडा वाचला, आणि पुन्हा फीत वर नेऊन तोच आकडा दुसऱ्यांदा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले, "साहेब, जरा ताठ उभे राहता?"

"ताठच उभा आहे," धाकटेसाहेब म्हणाले.

"हो, हो. ताठच आहात." मास्तर खोकले. "मग लांबी दीड इंच कमी धरतो."

एवढंच झालं. आरशात सकाळचं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस हात किंचित फाकवून उभा होता, जणू आपल्याच अंगाला आपले हात लागू नयेत. दीड इंच. कुठे गेले असतील? धाकटेसाहेबांना उगाचच वाटलं की ते एकदम गेले नसावेत. सभागृहातल्या बाकावर, विमानांच्या खुर्च्यांत, लांबलचक जेवणांत, उद्घाटनांच्या मांडवांत थोडे थोडे सांडत गेले असावेत, आणि आपण कधी मागे वळून पाहिलं नाही. उद्या अकरा वाजता शपथविधी होता. कोट संध्याकाळपर्यंत व्हायला हवा होता. पक्षाच्या अध्यक्षांचा निरोप काल आला होता की पंतप्रधानांनी राजीनामा दिला आहे, निवडणुकांना आठ महिने आहेत, तोवर तुम्हीच बसायचं. आणि धाकटेसाहेब "बरं" म्हणाले होते. त्यांना आता आठवेना की "बरं" म्हणण्याआधी आपण काही विचार केला होता का. बहुधा नसावा. "बरं" हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघे, जसा दुसऱ्यांच्या तोंडून श्वास निघतो.

मास्तरांनी मापांची वही उघडली. जाडजूड, कडा झिजलेली, कापडी पुठ्ठ्याची. या घराचं एक अख्खं पान होतं तिच्यात. वडिलांनी पहिल्या शपथेच्या वेळी याच दुकानाचं नाव सुचवलं होतं, तेव्हा मास्तर विशीतले होते आणि तोंडात टाचण्या धरून बोलत. धाकटेसाहेबांनी सहज मान पुढे करून पाहिलं. पाच तारखा, प्रत्येक तारखेसमोर मापं. पाटबंधारे, वय छत्तीस. शिक्षण. गृह. मग उपपंतप्रधान. मग परराष्ट्र. मास्तरांना खाती ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी नुसती मापं लिहिली होती, खाती धाकटेसाहेबांनीच मनात भरली. चौथ्या ओळीवर त्यांची नजर अडली. तिसऱ्या ओळीपेक्षा तिथे छाती एक इंचाने जास्त होती. आणि तारीख. ती तारीख त्यांना बोटं न मोजता कळली. पुलावरच्या गोळीबारानंतरचा नववा दिवस होता तो.

गोळीबारानंतर नवव्या दिवशी छाती एक इंच वाढलेली होती.

"मास्तर, हे बरोबर आहे?" त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. "माझी फीत कधी चुकत नाही, साहेब. तेव्हा तुम्ही श्वास भरून उभे असाल. आनंदात माणूस तसा उभा राहतो."

धाकटेसाहेब स्टुलावरून उतरले. उतरताना चिटणीसांनी हात पुढे केला. चिटणीस, म्हणजे त्यांचे खाजगी सचिव, तीस वर्षं असेच दाराशी उभे असत, बगलेत फायलींची पिशवी धरून, आणि हात नेमका हवा तेव्हा पुढे येई. त्या हाताकडे नीट पाहायची वेळ कधी आली नव्हती. आज धाकटेसाहेबांनी पाहिलं तर त्यावरही डाग पडले होते.

धाकटे हे नाव घरचं. थोरले बंधू होते तोवर ते साजरं होतं. थोरल्यांना राजकारणात घालायचं वडिलांनी ठरवलं होतं. एकेकाळी नदीच्या दोन्ही काठांवरची गावं या घराण्याची होती, कायद्याने ती गेली, तेव्हा वडील म्हणाले होते की जमीन गेली तरी माणसं जात नाहीत, ती मतं देतात. थोरले एकोणतिसाव्या वर्षी तापाने गेले. त्यांच्यासाठी राखून ठेवलेला मतदारसंघ, त्यांच्यासाठी शिकवलेली भाषणं, त्यांच्यासाठी जमवलेली माणसं, सगळं धाकट्याच्या अंगावर येऊन पडलं, आणि नाव मात्र धाकटेच राहिलं. ते पुढे पक्षाने उचललं, वर्तमानपत्रांनी उचललं. व्यंगचित्रांत ते नेहमी कुणाच्या तरी मागच्या खुर्चीवर, डोळे अर्धे मिटून बसलेले असत. त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांना लोक भारदस्तपणा म्हणत. धाकटेसाहेबांनाच काय ते ठाऊक होतं की तो कंटाळा आहे. या घरात कंटाळा दागिन्यासारखा अंगावर वागवत. घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही, कुणी धावत आलं तर आधी त्याला बसवायचं. त्यांच्या हाताखालचे अधिकारी धावत आले की बसून, पाणी पिऊन, शांत होऊन जात, आणि जाताना त्यांच्या हातात एक वाक्य असे: तुम्हाला योग्य वाटेल ते करा. या एका वाक्यावर धाकटेसाहेबांनी चार खाती चालवली होती. अधिकाऱ्यांना ते विश्वासाचं वाटे. धरणं झाली, शाळा झाल्या. वाक्य काही वाईट नव्हतं.

ताई न्याहारीच्या टेबलाशी बसून टोस्टाचे कडक काठ सुरीने काढत होत्या. त्यांचे दात गेल्यापासून हे काम रोज दहा मिनिटं चाले. त्या धाकटेसाहेबांहून चार वर्षांनी मोठ्या, नवरा गेल्यावर इकडे येऊन राहिलेल्या, आणि या घरात त्यांना "अरे" म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"झालं माप?" त्यांनी विचारलं.

"झालं. दीड इंच कमी झालोय."

"मग? मी तर टेबलाखालीच जायची राहिलेय." त्या हसल्या. मग भावाच्या तोंडाकडे पाहून थांबल्या. "काय रे?"

धाकटेसाहेबांनी चहा ओतून घेतला. अठरा वर्षांपूर्वी या टेबलाशी, याच खुर्चीत, दुपारी एक वाजून काही मिनिटांनी ते जेवत होते. पाणीपुरवठा खात्याच्या कामगारांचा संप तिसऱ्या दिवसात गेला होता, शहराचे नळ कोरडे होते, आणि मोर्चा मंत्रालयाकडे यायला पुलावर चढला होता. फोन पोलीसप्रमुखांचा होता. पुढ्यात मासा होता. दाढेत एक काटा रुतला होता, बारीक, केसासारखा, जीभ नेली की टोचायचा आणि बोट नेलं की सापडायचा नाही. पोलीसप्रमुख बोलत होते: साहेब, पुढे आले तर मला थांबवता येणार नाहीत, लाठीने भागणार नाही, परवानगी हवी. त्यांच्या आवाजात घाई होती. धाकटेसाहेबांना ती घाई असभ्य वाटली होती, आज आठवलं की तेवढंच आठवतं, आवाजातली ती घाई आणि दाढेतला काटा. फोन खांद्याने कानाशी दाबून, जिभेने काटा चाचपत ते म्हणाले होते, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." पलीकडून विचारलं गेलं, "म्हणजे परवानगी धरू, साहेब?" आणि ते म्हणाले होते, "बरं." त्याच क्षणी काटा निघाला. किती सुटल्यासारखं वाटलं होतं! पंधरा मिनिटांनी पुलावर चार माणसं मेली.

"ताई, त्या दिवशी जेवताना फोन आला होता. पुलाच्या दिवशी. आठवतं तुला?"

"मासा होता," ताई म्हणाल्या.

"मी काय बोललो ते ऐकलं होतंस?"

"मी समोर बसले होते. बहिरी मी आत्ता झालेय, तेव्हा नव्हते."

"मग इतक्या वर्षांत एका शब्दाने कधी बोलली नाहीस?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. "तू बोलशील म्हणून थांबले. आधी वाटलं, आठवड्यात बोलशील. मग तुझी चौकशी झाली आणि तू तिथे म्हणालास, आठवत नाही. मला वाटलं, बरं, आता म्हातारपणी बोलेल. माणूस म्हातारपणी बोलतो." त्यांनी टोस्टाचा मऊ तुकडा चहात बुडवला. "आता तू पंतप्रधान होतोयस. म्हातारपण पुन्हा लांबलं."

त्या रागावल्या नव्हत्या. तेच जड गेलं. धाकटेसाहेब उठले तेव्हा चहा तसाच होता.

गाडीत चिटणीस पुढे बसले आणि मागे वळून दिवसाचा कार्यक्रम सांगू लागले: आता पक्ष कार्यालय, मग मंत्र्यांची यादी, मग कोटाचं शेवटचं बघणं. धाकटेसाहेबांना शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. बाहेर दुकानांची फळकुटं निघत होती, एक बाई फुटपाथवर पाणी मारत होती, पाण्याचा पट्टा सिमेंटवर काळा पसरत होता. नळ किती सहज उघडतो, त्यांना वाटलं. गोळीबारानंतर दुसऱ्या दिवशी संप मिटला होता आणि पाणी आलं होतं. आणि त्याच दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात भाषण केलं होतं, जे पुढे शाळेच्या पुस्तकात गेलं. कागद न घेता उभे राहिले होते ते. म्हणाले होते, "माझ्या खात्याने केलेलं प्रत्येक काम मी केलेलं आहे. पुलावर जे घडलं ते माझ्या शब्दाने घडलं, असं मी मानतो. मी राजीनामा देत आहे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण ते त्यांनी अशा संथ, अशा खानदानी आवाजात म्हटलं की सगळ्यांनी ते मोठेपणा म्हणून ऐकलं. विरोधी बाकावरच्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेणारा माणूस! राजीनामा नाकारला गेला. नवव्या दिवशी बढती मिळाली. आणि चौकशी समितीने बंद दाराआड विचारलं की फोन आला होता का, तेव्हा खरं सांगणं म्हणजे भाषणातला तो मोठेपणा मोडणं होतं. "आठवत नाही," ते म्हणाले. पोलीसप्रमुखांनी मान खाली घातली आणि तेही काही बोलले नाहीत. अहवालात आलं की पोलीसप्रमुखांनी परवानगीची वाट न पाहता गोळीबार केला. त्यांना घरी बसवलं गेलं. ते लांबच्या एका गावी जाऊन राहिले, मधमाश्या पाळत, असं कुणीतरी सांगितलं होतं. आणि सहा वर्षांपूर्वी वारले. धाकटेसाहेबांनी तेव्हा चिटणीसांना पुष्पचक्र पाठवायला सांगितलं होतं. चिटणीसांनी विचारलं होतं, कार्डावर काय लिहू? "तुम्हाला योग्य वाटेल ते."

पक्षाच्या अध्यक्षांची खोली काचेची होती. अध्यक्ष पंचेचाळिशीचे, वडील टपाल खात्यात कारकून, स्वतःच्या हिमतीवर वर आलेले, आणि बोलताना सतत पेनाचं टोपण काढ-घाल करणारे. धाकटेसाहेब आले की ते उठून उभे राहत, पण उठता उठता टेबलावरचा कागद वाचत असत.

"या साहेब. यादी तयार आहे. तुम्ही फक्त सही करायची. आठ महिन्यांचा प्रश्न आहे, तुम्ही नुसते बसा, बाकीचं आम्ही बघतो."

"मला एक सांगायचंय," धाकटेसाहेब म्हणाले. खुर्चीत टेकून बसायची त्यांना सवय नव्हती, पण आज पाठ आपोआप मागे गेली. "पुलावरच्या गोळीबाराची परवानगी मी दिली होती. फोनवर. पोलीसप्रमुखांचा दोष नव्हता."

त्यांना वाटलं होतं, काहीतरी होईल. टोपण तरी थांबेल. टोपण थांबलं नाही.

"एक वाजून बारा मिनिटांनी," अध्यक्ष म्हणाले. "पावणेदोन मिनिटं बोललात. टेलिफोनवाल्यांकडे नोंद असते, साहेब. पोलीसप्रमुखांनीही दुसऱ्या दिवशी सगळं लिहून वर दिलं होतं. ती फाइल प्रत्येक पंतप्रधान पुढच्याच्या हाती देतो. काल जाता जाता त्यांनी ती माझ्याकडे ठेवायला दिली."

अठरा वर्षं. अठरा वर्षं धाकटेसाहेबांनी ती गोष्ट एखाद्या जुन्या दुखण्यासारखी एकट्याने जपली होती. मेजवान्यांत, परदेशी पाहुण्यांच्या शेजारी, दीक्षान्त भाषणांत ती त्यांच्या आत असे, आणि तिच्यामुळे त्यांना स्वतःविषयी थोडा आदरही वाटत असे, की पहा, हा माणूस आतून झुरतो आहे. आणि ती तर कपाटात होती. कुणीतरी तिला क्रमांक दिला होता. बाकावर शेजारी बसणाऱ्यांना, हात मिळवणाऱ्यांना, पाठीवर थाप मारणाऱ्यांना ती ठाऊक होती.

"मग मला कशाला निवडलंत?"

"म्हणून तर निवडलं." अध्यक्ष अगदी साधेपणाने म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. "आठ महिन्यांनी उठा म्हटलं की उठेल असा माणूस हवा असतो. साहेब, मनाला लावून घेऊ नका. राजकारणात ज्याची फाइल नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"मी शपथ घेणार नाही."

आता टोपण थांबलं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि मग, डोक्यात काहीतरी जुळवत, हळूहळू मान हलवली. "बरं. तेही चालेल. दुसरं नाव आहे माझ्याकडे. आपण म्हणू, वयाचा आणि प्रकृतीचा विचार करून तुम्ही तरुणांसाठी वाट मोकळी केलीत." त्यांनी कागद ओढला, भराभर चार ओळी लिहिल्या आणि पुढे सरकवला. "बघा. लोक रडतील, साहेब. आणखी एक त्याग."

धाकटेसाहेबांनी कागद वाचला. मजकूर चांगला होता. त्यांना एवढा थकवा आला की डोळ्यांपुढची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी झाली. हा थकवा रोजचा नव्हता. रोजच्या थकव्यात माणूस सही करतो आणि निजायला जातो. हा पायांतून चढत होता. थोरल्यांचं आयुष्य, वडिलांची भाषणं, पाच कोट, शाळेच्या पुस्तकातलं पान, सगळं अंगावर घेऊन ते इथवर चालत आले होते, आणि ते उतरवून ठेवायला जावं तिथे लोक त्याचा हार करून पुन्हा गळ्यात घालत होते. खरं बोललं तर मोठेपणा. नाही म्हटलं तर त्याग. या माणसाला आपलं पाप आपलं म्हणून मिळणारच नव्हतं का?

त्यांनी कागद सही न करता परत सरकवला आणि उठले. या वेळी चिटणीसांचा हात पुढे यायच्या आत ते उभे राहिले होते.

"साहेब, बाहेर पत्रकार आहेत," अध्यक्ष म्हणाले. "मागच्या दाराने गाडी लावतो."

"नको."

कार्यालयाच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस जण होते. डोक्यावर ऊन आलं होतं. कॅमेरे वर झाले, माइक पुढे आले, कुणीतरी आगाऊ अभिनंदन केलं. धाकटेसाहेब सगळ्यात वरच्या पायरीवर थांबले. आवाज संथ लागू नये, सुंदर लागू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम घाई केली, आणि घाईची सवय नसल्यामुळे शब्द एकमेकांवर आपटले.

"मी उद्या शपथ घेणार नाही. प्रकृती बरी आहे. अठरा वर्षांपूर्वी पुलावर गोळीबार झाला, त्याची परवानगी मी दिली. मी जेवत होतो. पोलीसप्रमुखांनी विचारलं आणि मी नीट ऐकलंही नाही. चौकशीत मी खोटं बोललो. ते निर्दोष होते. एवढंच."

कुणी ओरडलं नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी, फार तर चोवीस-पंचवीसची, हातात वही घेतलेली, थोडी संकोचून म्हणाली, "सर, सॉरी, कुठला पूल?"

मागे कुणीतरी हसलं. मुलगी लाल झाली, पण हटली नाही. धाकटेसाहेबांना तिच्याबद्दल एकदम बरं वाटलं. त्यांनी पुलाची जागा सांगितली. तारीख सांगितली. संप कशाचा होता ते सांगितलं. ती लिहीत गेली.

"किती माणसं गेली?"

"चार."

"नावं सांगता?"

धाकटेसाहेबांनी तोंड उघडलं. नावांसाठी त्यांची ख्याती होती. परदेशी राजदूतांच्या बायकांची नावं, मुलांची नावं, मतदारसंघातल्या तिसऱ्या पिढीतल्या नातवंडांची नावं त्यांच्या जिभेवर असत, आणि भेटणारा माणूस त्या एका गोष्टीने त्यांचा होऊन जाई. त्यांनी वाट पाहिली. नाव विसरलं की त्याची निदान सावली येते, पहिलं अक्षर येतं. काहीच येईना. मग त्यांच्या लक्षात आलं की ते विसरले नव्हते. त्यांना ती नावं कधी ठाऊकच नव्हती.

"मला माहीत नाहीत," ते म्हणाले.

मुलीचं पेन वहीवर थांबून राहिलं. मागच्या रांगेतले काही जण फोनवर बोलू लागले होते, दुसऱ्या नावाची बातमी आतून आली असावी. कॅमेरे एक एक करून दाराकडे वळत होते. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून कुणीतरी घसा साफ केला.

चिटणीसांनी एक नाव उच्चारलं. मग गल्ली सांगितली, घराचा क्रमांक सांगितला. म्हणाले, "व्हॉल्व्ह फिरवायचं काम करत होते. घरी आई, बायको, दोन मुली." पिशवी बगलेत तशीच होती, कागद काढायची त्यांना गरज पडली नव्हती. "दुसरे गृहस्थ तर मोर्चातही नव्हते. गाण्याच्या शिकवणीला निघाले होते, पूल ओलांडून."

धाकटेसाहेब वळले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"सांत्वनाची पत्रं मी लिहिली होती, साहेब. तुम्ही सह्या केल्यात." चिटणीस त्यांच्याकडे न पाहता, दूर फाटकाकडे पाहत बोलत होते. "पोचवायलाही मीच गेलो होतो. पुढेही जात राहिलो. सुट्टीच्या दिवशी."

इतकी वर्षं दाराशी उभा असलेला तो माणूस जणू आत्ताच खोलीत आला होता. धाकटेसाहेब खाली, पायरीवरच बसले. दगड उन्हाने तापलेला होता, तो कपड्यांतून अंगाला लागला. त्यांनी मुलीकडे हात केला. तिला आधी कळलं नाही, मग तिने वहीतलं एक पान फाडून दिलं आणि स्वतःचं पेनही दिलं.

"पहिल्यापासून सांगा," ते चिटणीसांना म्हणाले. "सावकाश."

चिटणीस एक पायरी खाली आले आणि त्यांनी ते नाव पुन्हा उच्चारलं. धाकटेसाहेबांनी गुडघ्यावर कागद धरून लिहायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच अक्षराशी थांबले.

"यात पहिली वेलांटी की दुसरी?"

"दुसरी, साहेब."